अनामत भरून घरबसल्या दागिने जोडायचं काम घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई बदलापूरला राहतात. धाकटा मुलगा दीड वर्षाचा आहे, त्यामुळे दुपारचे तीन-चार तासच मोकळे मिळतात. फेसबुकवर त्यांना जाहिरात दिसली: घरी बसून कानातले जोडा, कच्चा माल कुरिअरने घरपोच, महिन्याला २५,००० रुपये. नोंदणी आणि अनामत मिळून २,४९९ रुपये, तेही म्हणे ‘पूर्ण परत’. पलीकडच्या माणसाने क्यूआर कोड पाठवलाय आणि आज रात्रीपर्यंतच जागा शिल्लक असल्याचं सांगितलंय. पैसे भरावेत का, आणि या कामात खरंच किती सुटतात?

पैसे भरू नका. तेवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण मला वाटतं तुम्हाला विचारायचंय ते वेगळंच: रोजचे तीन-चार तास आणि हाताशी असलेले अडीच-तीन हजार, यातून दागिन्यांच्या कामात काही उभं राहतं का? राहतं. फक्त जाहिरातवाला दाखवतोय त्या जागी नाही.

मी डोंबिवलीत मोत्याचे आणि इमिटेशनचे दागिने करते. आधी बरीच वर्षं भुलेश्वरच्या व्यापाऱ्यांची जोडणी मजुरीवर केली, आता आसपासच्या काही बायका माझ्याकडून काम घरी नेतात. त्यामुळे मजुरी घेणारीचा हिशोब माहितीय आणि देणारीचाही.

आधी त्या २५,०००चा हिशोब मांडू. जोडणीची मजुरी डझनावर किंवा ग्रोसवर ठरते, ग्रोस म्हणजे १४४ नग. नग कसला, त्यात टाके किती, तुमचं गाव कुठलं, यावर दर बदलतो, म्हणून एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. समजा, साध्या लटकन कानातल्यांच्या डझन जोड्यांना १८ रुपये मिळतात. तुम्ही दिवसाला चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस बसलात, म्हणजे शंभर तास. २५,००० हातात यायला जवळजवळ १,३९० डझन जोड्या लागतील. तासाला चौदा डझन, म्हणजे एका जोडीला एकवीस सेकंद.

आता एकवीस सेकंदांत काय काय करायचंय ते बघा. हेडपिन (एका टोकाला चपटं डोकं असलेली तार) मोत्यातून घालायची, जादा तार कटरने उडवायची, गोल पक्कडीने तिचा फासा वळवायचा, जंप रिंग (जोडायची छोटी कडी) उघडून त्यात लटकन आणि हूक अडकवायचा, रिंग पुन्हा मिटवायची. हे सगळं दोनदा, कारण कान दोन. जंप रिंग उघडताना तिची टोकं दोन बाजूंना ताणायची नसतात. एक टोक स्वतःकडे आणि दुसरं समोर असं पिळायचं, तरच मिटवल्यावर गोलाई तशीच राहते. ताणून उघडलेली रिंग कधीच नीट बंद होत नाही, फट राहते आणि पहिल्याच लग्नात लटकन गळून पडतं. माझ्याकडे माल आला की मी कानातलं जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून फिरवते. धागा अडकला तर नग परत. हात बसलेली बाई तासाला दोन-अडीच डझन जोड्या करते, नवखीला एक डझनही जड जातं. म्हणजे वरच्याच दराने, चार तास बसून, महिन्याला साडेतीन ते साडेचार हजार. मजुरीच्या जोडणीत खरा आकडा या घरात असतो. कुणाला तो कमी वाटेल, कुणाच्या घरचं विजेचं बिल आणि शाळेची फी त्यातच भागते. पण पंचवीस हजार म्हणणारा माणूस या धंद्यातला नाही, एवढं नक्की.

तो धंद्यातला नाही याची दुसरी खूण म्हणजे कुरिअर. आठ-दहा डझनांच्या मालाची मजुरी दीड-पावणेदोनशे रुपये. तेवढाच माल कुरिअरने पाठवायचा आणि परत मागवायचा तर शंभर-सव्वाशे त्यातच जाणार. कोणता व्यापारी हा खर्च सोसेल? म्हणूनच खरं जोडणीचं काम नेहमी चालत किंवा रिक्षाने जाता येईल एवढ्याच अंतरात फिरतं. मालाडला इमिटेशन ज्वेलरीचं मोठं काम चालतं, तर तिथलं जोडणीचं काम तिथल्याच आसपासच्या वस्त्यांतून होतं. हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम गावातल्या घराघरांत वाटलेलं आहे. लिज्जतचंच बघा ना. १९५९ साली गिरगावात सात जणींनी सुरू केलं, आज एवढा पसारा वाढला, तरी बहिणी पीठ केंद्रातूनच नेतात आणि लाटलेले पापड केंद्रातच आणून देतात. काम देणाऱ्याला तुमचा हात बघायचा असतो आणि तुम्हाला त्याचं दुकान.

पुढे काय होतं तेही सांगते, कारण माझ्याकडे कामाला येणाऱ्यांपैकी दोघी यातून गेल्यात. पैसे भरले की एक तर माणूस गायब होतो. नाहीतर ओळखपत्राचे, मग जीएसटीचे, मग कुरिअरच्या विम्याचे असे हप्ते सुरू होतात. क्वचित खरोखरच पिशवीभर माल येतो, त्यात निम्म्या पिना वाकलेल्या. तुम्ही रात्री जागून जोडता, पाठवता, आणि ‘क्वालिटी फेल’ म्हणून अनामत जप्त. सगळ्यांत घाणेरडा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी वकिलाची नोटीस: तुम्ही करार मोडलात, इतके हजार भरा नाहीतर केस. असल्या नोटिशीला घाबरून एक रुपयाही भरायचा नाही. खरी नोटीस असल्या पद्धतीने, फोनवर धमक्या देत आणि तासाभराची मुदत देत येत नाही.

आणि हे वाचेपर्यंत पैसे गेले असतील तर आत्ताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. रक्कम लहान आहे, लोक हसतील, म्हणून गप्प बसू नका. तुमच्यासारख्या शेकडो जणींकडून अडीच-अडीच हजार, यावरच हे दुकान चालतं.

अनामत मागणारा प्रत्येक जण लबाड असतो असंही नाही. चांदीचं किंवा खऱ्या मोत्याचं काम असेल तर माल महाग असतो आणि अनोळखी बाईच्या हातात कुणी तो सहज देणार नाही. तिथे रीत अशी की माल तोलून देतात, तोलून घेतात, कामातली घट किती धरायची ते आधी ठरतं आणि मध्ये एक ओळखीचं माणूस असतं. इमिटेशनच्या कामात तर सुरुवातीला अर्धा ग्रोस माल देऊन हात बघतात, तुमच्याकडून रोख कुणी मागत नाही. शंका आली तर एकच वाक्य बोलून बघा: अनामत माझ्या पहिल्या मजुरीतून कापून घ्या. खऱ्या माणसाला यात अडचण नसते.

मजुरीचंच काम हवं असेल तर ते शोधायचं कुठे? बदलापूरहून रोज मालाड जमणार नाही. पण स्टेशनजवळच्या इमिटेशनच्या दुकानांत, ब्लाउजला लटकन लावणाऱ्या बुटिकमध्ये, राख्या करणाऱ्यांकडे जाऊन विचारा. राखीचं काम श्रावणाच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि त्या वेळी प्रत्येकाला हात कमी पडत असतात. काम घेताना दर डझनावर की ग्रोसवर, पिना-रिंगा मोजून मिळणार की वजनावर, तुटफूट कुणाच्या अंगावर, नापास नग दुरुस्तीला परत मिळणार की पैसे कापणार, आणि हिशोब कोणत्या वारी, हे तोंडावर विचारून घ्या. एक वही ठेवा. घेतलं किती, दिलं किती, तारीख, समोरच्याची सही. सही मागायला संकोच वाटतो, पण दोन आठवड्यांनी ‘तुम्ही सहा डझन कमी दिले’ हे ऐकणं त्याहून वाईट.

मूल दीड वर्षाचं आहे म्हणून एक ताकीद: तो जागा असताना मण्यांचा डबा उघडायचाच नाही. चार मिलिमीटरचा मणी नाकात किंवा कानात जायला क्षणही लागत नाही. काम करताना खाली जुनी पांढरी चादर घाला, उठताना ती चारी कोपऱ्यांनी उचला आणि मग झाडू फिरवा.

आता माझं खरं म्हणणं. तुमच्या जागी मी असते तर जोडणीची मजुरी हात बसेपर्यंत, दोन-तीन महिने केली असती, आणि त्याच वेळी गाठवण्याचं, म्हणजे तुटलेल्या माळा पुन्हा ओवून देण्याचं काम सुरू केलं असतं. नवीन दागिने बनवून विकायला सगळ्याच जणी धावतात. इन्स्टाग्रामवर पेज काढतात, पाच हजारांचं सामान आणतात आणि ते कपाटात पडून राहतं. कारण मालाडचा कारखाना जो सेट घाऊक देतो, त्याच किमतीत तुम्हाला नुसतं साहित्यही मिळत नाही. त्याच्याशी भावात लढणं शक्य नाही. पण सोसायटीतल्या प्रत्येक घरात एक तरी तुटलेली माळ, मोती गळलेली नथ, दोरा काळा पडलेली ठुशी पुडीत बांधून ठेवलेली असते. सोनाराला असलं काम नको असतं आणि भुलेश्वरला जायला कुणाला वेळ नसतो. या कामात साहित्य थोडं लागतं, माल पडून राहत नाही आणि पैसे त्याच दिवशी मिळतात. आमच्याकडे साधी एकसरी माळ गाठवायला पन्नास-साठ रुपये सहज देतात. ठुशीचा दोरा-गोंडा बदलायला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. तासाच्या हिशोबाने बघा, जोडणीच्या मजुरीपेक्षा हे कितीतरी वर जातं.

माळ हातात आली की कापण्याआधी तिचा फोटो काढायचा. मोती एकसारखे दिसतात पण बऱ्याच माळांत मधला मोठा आणि दोन्हीकडे उतरत गेलेले असतात. ताटात टॉवेल पसरून त्यावर माळ कापायची, मोती त्याच क्रमाने टॉवेलच्या घडीत लावून ठेवायचे. मोती खरे असतील तर रेशमी किंवा चांगल्या नायलॉनच्या दोऱ्यात ओवून दोन मोत्यांच्या मध्ये गाठ मारायची. मग दोरा तुटला तरी एकच मोती पडतो आणि मोती एकमेकांवर घासून त्यांची चकाकीही जात नाही. गाठ मोत्याला अगदी चिकटून बसवायची असेल तर सैल फाशात सुई घालून ती सरकवत न्यायची आणि मोत्याजवळ आल्यावर काढून घ्यायची. काळ्या मण्यांची गोष्ट वेगळी आहे. ते काचेचे, आणि स्वस्त मण्यांच्या भोकाच्या कडा दोरा कापतात. तिथे गिअर वायर, म्हणजे लेप दिलेली बारीक स्टीलची तार वापरा, टोकाला गिअर लॉक, म्हणजे तार पकडून ठेवणारा धातूचा बारीक मणी दाबा. मात्र वायरला एकदा घडी पडली की तेवढा तुकडा टाकूनच द्यायचा, ती तिथेच तुटते. नथीत तारेचं शेवटचं टोक मोत्याच्या मागे वळवून दाबलं नाही तर ते नाकाला टोचतं, आणि ती गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. स्वस्त तारेत बऱ्याचदा निकेल असतं, त्याने काहींच्या नाकाला खाज सुटते. नथीसाठी तार घेताना दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

सोन्याच्या वाट्यांचं मंगळसूत्र आलं तर सुरुवातीला ते घरी ठेवून घेऊच नका. बाईंना समोर बसवा, चहा द्या आणि तिथल्या तिथे गाठवून द्या. ठेवून घ्यावंच लागलं तर त्यांच्यासमोर वजन, फोटो आणि चिठ्ठी. खिशात मावणारा छोटा डिजिटल काटा यासाठी घेऊन ठेवावाच लागतो.

दुसरी जागा सणसमारंभाच्या दागिन्यांची. इथेही कारखाना हात घालू शकत नाही, कारण मापं, रंग, नावं प्रत्येकीची वेगळी असतात. डोहाळजेवणाला कापडी फुलांचे दागिने, हळदीला गोंड्याचे किंवा मोगऱ्यासारख्या कळ्यांचे. डोहाळजेवणाचा सेट तर भाड्याने द्यायचा, विकायचा नाही. एकच सेट कितीतरी ओट्या भरून येतो, फक्त प्रत्येक वेळी फुलं सरळ करून, पुसून डब्यात ठेवायची. आणि सगळ्यांत जास्त पैसे संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांत. नव्या सुनेला हार, मंगळसूत्र, नथ, पाटल्या, बाजूबंद, कंबरपट्टा, जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ, बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट आणि बासरी. १४ जानेवारीच्या आसपास संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत ऑर्डरी चालतात. काळ्या साडीवर बारीक काट्याचा पांढरा हलवाच उठून दिसतो, जाड आणि पिवळट नाही. पुठ्ठ्याचा आकार कापून त्यावर सोनेरी कागद आणि मग हलव्याच्या ओळी. डिंक पातळ झाला तर साखर विरघळते आणि दाणे चिकट होतात, म्हणून घट्टच हवा. झालेला सेट हवाबंद डब्यातच ठेवायचा, तुमच्याकडे सकाळचं दवही पुरतं त्याला सादळायला.

किंमत ठरवताना साहित्याला दुप्पट करा असं शिकवणारे खूप आहेत. हलव्याच्या दागिन्यांत ते साफ चुकतं. तिथे साहित्य स्वस्त आणि वेळ प्रचंड. घड्याळ लावून एक सेट पूर्ण करा, आपल्या तासाचा दर धरा, त्यात साहित्य, डबा आणि वाया जाणाऱ्या मालाचे थोडे मिळवा. आलेला आकडा ऐकून तुमच्या वहिनी ‘अगं बाई, एवढे?’ म्हणाल्या तरी कमी करू नका. ओळखीच्यांना सूट द्यायला लागलात तर ती सगळ्यांनाच द्यावी लागेल, कारण सुरुवातीची सगळी गिऱ्हाइकं ओळखीचीच असतात.

शिकण्यासाठी पाच-सात हजारांचे क्लास लावू नका. पक्कड धरायला आणि गाठ मारायला मोबाइलवर फुकटात शिकता येतं, बाकीचं हातानेच येतं. बचत गटात असाल तर उत्तम, गटाला प्रदर्शनात जागा मिळते. एकटीने टेबलाचं भाडं भरून प्रदर्शनाला जायची घाई नको.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नका. छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी पैसे मागणारा दलाल असतो. नुसता माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. मीशोसारख्या ऑनलाइन ठिकाणी विकायचं झालं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना आपल्या राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवायही विकता येतं, फक्त पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नोंदणी हवी. हे सगळं वर्षभराने बघा.

राहिले ते २,४९९ रुपये. त्यातून एक बारीक टोकाची पक्कड, एक गोल पक्कड, कटर, सुया, दोन-तीन रंगांचा दोरा, गिअर वायरचं रीळ, गिअर लॉक आणि हुकांची पाकिटं आणि तो छोटा काटा घ्या. भुलेश्वर किंवा क्रॉफर्ड मार्केटला एकदा जाऊन या, तिथे हे सगळं मिळून निम्म्या पैशांत बसेल. पहिल्यांदा मणी-मोती अजिबात घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाका: तुटलेल्या माळा, नथ, ठुशी दुरुस्त करून मिळेल. सोबत आधी-नंतरचा एक फोटो, तो आईच्या किंवा सासूबाईंच्या जुन्या माळेचा चालेल. उरलेले हजारभर रुपये हलव्यासाठी बाजूला ठेवा आणि हलवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच घ्या. नंतर बारीक काट्याचा मिळत नाही आणि भावही चढतो.